मागच्या खोलीचा पांढरा

ता. ४ नोव्हेंबर

चि. बारक्यास ताईचे अ. आ.

उत्तराला उशीर झाला म्हणून बोलू नकोस. तुझी पत्रं कशी कासवाच्या चालीने येतात ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. आणि हे फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण फोन पुढच्या खोलीत आणि बाबांचे कान अजून तरुण आहेत.

आईच्या खुब्याचं हाड बसलंय असं डॉक्टर म्हणतात. ती मात्र उठत नाही, आणि आता उठेल असं मला वाटतही नाही. पुढच्या खोलीत तिची खाट मावत नाही, म्हणून मागच्या खोलीत ठेवली आहे. तिथली खिडकी उत्तरेला, ऊन कधीच आत येत नाही. ती पडल्यावर आठ दिवसांत बाबांनी ती खोली रिकामी केली, भिंती घासल्या, लांबी भरली आणि पांढऱ्याचे दोन हात मारले. या वयात, एकट्याने, शिडीवर चढून. मला ब्रश धुवायलासुद्धा दिला नाही. प्रेम तोंडाने करायची आपल्या बाबांना सवय नाही, ते ब्रशनेच करतात.

पण आईला तो पांढरा सोसत नाही. खोली गार वाटते म्हणते. दोन पांघरुणं घातली, शेगडी ठेवली, तरी तेच. काल म्हणाली की ती शिकवणीला जायची त्या घरात होता तसा सायीसारखा पांढरा लावा, मग मी काही मागणार नाही. बाबांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की चाळीस वर्षं लोकांची घरं पांढरी केली, पांढरा कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस, तुझ्याच डोळ्यांत दोष आहे. मग दोघंही दिवसभर भिंतीकडे तोंड करून. त्यांचं म्हणणं असं, की हल्ली डब्यातला पांढराच पिवळट येतो, कारखान्यांना रंग करता येत नाही, म्हणून आपल्यालाच दर वेळी चिमूटभर नीळ वाढवावी लागते.

शेवटी मी तोड काढली. बाबांनी आपल्या हाताने तीन पांढरे करून तीन पुठ्ठ्यांवर लावले आहेत, मागे नंबर घातलेत. सोबत पाठवते. तू रंगाच्या दुकानात मशीनवर दिवसभर रंगच जुळवतोस. तू सांगशील तो लावायचा, हे त्यांनी कबूल केलं आहे. त्याच्या मशीनलाही विचारू दे, असंही म्हणाले. तुमचा दोन वर्षांचा अबोला संपल्यावर हे पहिलंच काम त्यांनी तुला सांगितलं आहे, तेव्हा नीट बघ. आई वाट बघते आहे.

लोभ आहेच, त्याला तुझ्या लवकर उत्तराची जोड दे.

तुझी
ताई

---

ता. १३ नोव्हेंबर

ती. बाबांस व आईस शि. सा. न., ताईस सा. न. वि. वि.

तिन्ही पुठ्ठे पोचले. दुकानात काउंटरवर मांडले, मग दारात नेऊन दिवसाच्या उजेडात पाहिले. आमचे मालकही येऊन बघून गेले, आणि इतका एकसारखा हात आता कुणाचा राहिला नाही म्हणाले. बाबा, माझ्या मते तीन नंबर उत्तम. तिन्हींत तोच जरा मऊ आहे. तोच मागच्या खोलीला लावावा. मशीनचंही हेच मत पडलं, तेव्हा आता त्या मशीनवरचा राग सोडा.

आई, थंडी सरेपर्यंत जरा दम धर. तीन नंबर लागला की तुला बरं वाटेल.

आपला
बारक्या

(हा वेगळा कागद फक्त तुला. वाच आणि फाडून टाक.)

ताई, तिन्ही पुठ्ठे निळे आहेत. निळसर नव्हे, निळे. तीन नंबर त्यातल्या त्यात कमी, इतकंच. पहिला मी मशीनखाली धरला तेव्हा मलाच आकडा खोटा वाटला. या पत्राची कोरी बाजू आईच्या भिंतीला लावून बघ म्हणजे कळेल.

डबा पिवळट येत नाही, बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला असणार. मोतीबिंदूवाल्याला पांढरं पिवळं दिसतं. त्यांना पिवळं दिसतं म्हणून ते नीळ घालतात, घालतात, आणि त्यांना पांढरं दिसेपर्यंत ते निळं झालेलं असतं. बाबांची गिऱ्हाइकं का तुटली ते आता कळलं. आपण समजत होतो लोकांना आता मशीनचाच रंग हवा.

मी हे त्यांना लिहू शकत नाही. मशीनवर नोकरी धरली एवढ्यावरून त्यांनी दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आता त्याच मशीनच्या जोरावर मी त्यांना सांगू, की तुम्हाला पांढरा दिसत नाही? ब्रश खाली ठेवतील ते, आणि पुन्हा उचलणार नाहीत. तू काहीतरी निमित्त काढून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. डोळा सुधारला की त्यांचं त्यांनाच दिसेल, कुणी बोलायला नको. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची.

बा.

---

ता. ३ डिसेंबर

चि. बारक्यास अ. आ.

मी कागद लावून बघितला. आई झोपली होती म्हणून बरं. रोज त्या खोलीत दहा वेळा जाते, तिला भरवते, अंग पुसते, आणि मला दिसलं नव्हतं. कागदाशेजारी भिंत धुणं निळीत बुडवल्यासारखी दिसली. आता मी आत गेले की दुसरं काहीच दिसत नाही. मला तू हे सांगायला नको होतंस.

तुझा तीन नंबर लागला. चार दिवस बाबांनी आईला खाटेसकट एकेका भिंतीपासून सरकवत रंग दिला. कमरेला पट्टा बांधून. दुसऱ्या दिवशी आईने मला हळूच विचारलं, की बारक्याने खरंच हाच सांगितला का? मी हो म्हटलं. मग नाही तिने विषय काढला. तिला वाटतं तुझं चुकणार नाही, म्हणजे तिचंच चुकत असेल. बारक्या, तिला मी हो म्हटलं, हे तू लक्षात ठेव.

डोळ्यांच्या डॉक्टरचं बाबांपाशी तीनदा काढलं. रंगाऱ्याने डोळे दाखवायचे म्हणजे सुताराने बोटं मोजून घ्यायची, म्हणाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कुणाला काय बोलू? तुझी झाकली मूठ तुझ्यापाशी ठेव. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

तू ये. समोर बसून तूच सांग. आईचं अन्न कमी झालं आहे.

लोभ कमी झालेला नाही, पण या महिन्यात तो जरा चिडलेला आहे.

ताई

---

ता. १६ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. तू म्हणतेस ते खरं. वर्षअखेरीला दुकानात माल मोजायचा असतो, मालक सोडत नाहीत. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आठ दिवसांची रजा मिळाली आहे. येताना सायीसारख्या पांढऱ्याचा डबा घेऊन येतो. बाबांना मीच सांगेन, काय शिव्या घालायच्या त्या घालू देत, आणि नाहीच ऐकलं तर मी स्वतः रंगवीन. आईला इतकंच सांग की जानेवारीत खोली पुन्हा रंगणार आहे. कारण सांगू नकोस.

डबा मी आजच करून ठेवला. चिमूटभर पिवळा आणि त्याहून कमी तांबडा. झाकणावर आईचं नाव लिहिलं आहे, चुकून विकला जाऊ नये म्हणून.

राग असू दे, पण लोभाच्या खाली असू दे.

बारक्या

---

ता. १९ फेब्रुवारी

चि. बारक्यास अ. आ.

तू गेल्याला महिना झाला. अकरा जानेवारीला तू धावत आलास तो मोकळ्या हातांनी, आणि त्यात तुझा काही दोष नाही. आई गेली असं कळल्यावर कोण रंगाचा डबा उचलून आणेल? दहा दिवस राहिलास आणि बाबांना काही बोलला नाहीस, त्याचाही दोष देत नाही. मीही बोलले नाहीच की. आता सांगून कुणाची ऊब वाढणार होती?

तू विचारलंस म्हणून सांगते. जानेवारीत खोली रंगणार हे मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, नको, त्यांना पुन्हा शिडीवर चढवू नका. मग बाबा आत आले तेव्हा त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की आता बरा दिसतो हा रंग. त्यानंतर पाचव्या दिवशी गेली.

दुसरी बातमी, बाबा स्टुलावरून पडले. पायरी दिसली नाही असं त्यांनी स्वतःच कबूल केलं. एवढं झाल्यावर डॉक्टरकडे आले. मोतीबिंदूच निघाला, दोन्ही डोळ्यांत, इतकी वर्षं काम कसं केलंत म्हणाले. मार्चमध्ये ऑपरेशन आहे. तू म्हणाला होतास तसंच होतंय, त्यांचं त्यांनाच दिसेल. मला त्या दिवसाची भीती वाटते.

एकमेकांवर लोभ ठेवण्यावाचून आता आपल्यापाशी काय आहे?

ताई

---

ता. २८ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

अक्षर माझंच आहे, दचकू नकोस. दोन्ही डोळे झाले. पट्टी सोडल्यावर आधी माझे हात दिसले, ते म्हाताऱ्याचे निघाले. रस्त्यात सगळं इतकं पांढरं होतं की मी दोनदा थांबलो.

घरी येऊन मागच्या खोलीत गेलो. मला वाटलं, मी दवाखान्यात असताना कुणीतरी भिंती बदलल्या. ताईला विचारलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून बाहेर आली नाही.

इतके दिवस तुझी पत्रं ताई वाचून दाखवायची. म्हटलं आता वाचता येतं तर आपणच वाचू. फडताळातलं पुडकं काढलं. तुझा वेगळा कागद त्यातच होता. तिला काही बोलू नकोस. तुझी चिठोरीही तिच्याने फाडवत नाही, लहानपणापासून तशीच आहे.

तू लिहिलंस की मी ब्रश खाली ठेवला असता. ठेवला असता. तुला नाही नाही ते बोललो असतो, महिनाभर भिंतीकडे तोंड करून बसलो असतो. पण मग उठलो असतो रे. तिची खोली रंगवायची होती. तुझ्याकडून डबा मागवून लावला असता, आणि तुझी आई उबेत गेली असती.

मी तिला म्हणालो होतो, तुझ्या डोळ्यांत दोष आहे. शेवटी ती बरा दिसतो म्हणाली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ताईला चहा टाकायला सांगितला. तो चहा मी तिच्या उशाशी बसून प्यालो.

तुम्ही दोघांनी माझा मान राखलात. मला कुणी विचारलं असतं तर मी तो देऊन टाकला असता.

झाकणावर तिचं नाव लिहिलेला डबा तुझ्याकडे असेल. तो घेऊन ये. रंग मी देईन, शिडी तू धर. नीळ घालणार नाही.

कळावे. राग धरायला आता वेळ नाही, लोभ मात्र जसाच्या तसा आहे.

तुझे
बाबा

ता. क. पट्टी सुटल्यापासून मी मागच्या खोलीतच निजतो, तुझ्या आईच्या खाटेवर. मार्च संपत आला, ताईने पुढच्या खोलीत पंखा लावला आहे. मी दोन पांघरुणं घेतो. ती खरं सांगत होती, गार वाटतं.