नायक उठले आणि चादर उतरली

रविवार, वसमत

डोकं अजून शांत नाही. आपली कविता भारताकडून फुटसाल, म्हणजे पाच-पाच जणींचा छोटा फुटबॉल, खेळून राहिली, दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा, समोर नेपाळ, आणि अख्खा बंजारा तांडा समाजमंदिरात. भिंतीला तिच्या आईची पांढरी चादर बांधून तिच्यावर प्रोजेक्टरनं मॅच लावली होती.

थोड्याच वेळात कविताला बाहेर बोलावलं. फुटसालमध्ये हे चालतंच. बाहेर बसून दम खायचा, पुन्हा आत जायचं, कितीदाही. मी तेच सांगत होतो, तोवर तांड्याचे प्रमुख, नायक, उठले.

"पोरीला काढलं. आता काहून बघायचं?"

तिच्या बापाला ओशाळं वाटू नये म्हणूनच उठले असतील. पण नायक उठले की बैठक उठते, तांड्याची रीतच तशी. मग तिचे वडील तरी कसे बसणार? त्यांनी स्वतःच्या हातानं चादर सोडली, घडी घातली. मी तिचा खेळाचा मास्तर, आणि माझंच कुणी ऐकेना. नायकांचा हात धरून त्यांना बसवायला हवं होतं का? इथं कुणी धरतं का नायकांचा हात?

मोबाईलवर एकटाच बघत बसलो. कविता पुन्हा आत आली. शेवटी शेवटी डाव्या पायानं गोल मारला.

धावत तिच्या घरी गेलो. वडिलांनी मोबाईलवर तो गोल परत परत पाहिला. चादर मांडीवर तशीच. मग हळूच म्हणाले, "सर, पुन्हा बांधू का?"

मॅच तर संपली होती.