पाठलाग करणारा उजेड

१७ नोव्हेंबर, दुपार

चि. ढब्बू,

अनेक आशीर्वाद. दोन पोरांचा बाप झालास तरी मी ढब्बूच लिहिणार, त्याला इलाज नाही. इकडे सगळे बरे आहोत. धाकटीला सर्दी झाली आहे, म्हणजे आता सगळ्या घराला होणार. हे पत्र तुझे दाजी स्वतः घेऊन येत आहेत. त्यांना चहा दे, आणि पत्र पूर्ण वाचून मगच ओरडायला सुरुवात कर. फोनवर जरा अवघड बोलणं निघालं की तू "गाडी लागली, ठेवतो" म्हणतोस, म्हणून हा खटाटोप.

रात्रीच्या फेरीत तुझ्या बससोबत चालणारा तो उजेड कसला, असं तू विचारलं होतंस. "ताई, वेधशाळेत फोनवर बसून जगाला सांगतेस, मग मला सांग की." तेच सांगायला बसले आहे.

आमच्याकडचे निम्मे फोन शुक्राचे असतात. परवा एका बाईंनी त्याची पोलिसांत तक्रार केली, रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात डोकावतो म्हणून. उपग्रहांची माळ दिसली की माणसं फोनवर कुजबुजत बोलतात, जणू वर ऐकू जाईल. एक आजोबा तर महिनाभर बांधकामाच्या क्रेनवरचा दिवा नातवंडांना मंगळ म्हणून दाखवत होते. मी सांगितलं तर माझ्यावरच रागावले.

प्रत्येकाला माझे प्रश्न ठरलेले असतात. आवाज होता का? ढगाआड जातो का? नजर वळवली की जागेवर राहतो का? आभाळातली वस्तू आपल्या वाटेने जाते. आपण कुठे बघतोय याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं.

तुझ्यासाठी मी आधी उपग्रह धुंडाळले, मग विमानं. एक विमान जवळपास जुळलं आणि मी खुशीत घरी आले. काल संध्याकाळी तुला तेच प्रश्न विचारले ते नुसती खात्री करायला. तू म्हणालास, "छे गं, आभाळ गच्च होतं, धो धो अवकाळी पाऊस. आणि जागेवर कसला राहतोय? डावीकडे बघितलं की आणखी डावीकडे पळतो. लबाड आहे." वर हसत हसत सांगितलंस की एका वळणावर त्याला चुकवायला स्टीअरिंग फिरवलंस आणि मागचे प्रवासी पडता पडता वाचले.

मी जुळवलेलं विमान वहीतून खोडून टाकलं.

ढब्बू, तो उजेड आभाळात नाही. तो तुझ्या डोळ्यात आहे.

तू तेव्हा लहान होतास. बाबा शिवणाच्या मशीनवरून उठून खिडकीशी जायचे आणि "कोण रे बॅटरी मारतंय?" म्हणून शेजारच्या पोरांवर डाफरायचे. आपण तोंडावर हात ठेवून हसायचो. काही महिन्यांत एक डोळा गेला, मग दुसरा. पुढे आई सुईत दोरा ओवून द्यायची आणि ते बोटांच्या अंदाजाने काजं करायचे. डॉक्टर म्हणाले होते, उजेड दिसायला लागला तेव्हाच यायला हवं होतं.

आज सकाळी मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. आतला पडदा फाटत असावा, असं म्हणाल्या. वडिलांना होतं म्हटल्यावर त्यांनी पेनच खाली ठेवलं. आज उपचार झाले तर नजर वाचू शकेल. गाडी चालवायचं विचारलं, तर म्हणाल्या, "एक फेरीसुद्धा नाही."

तुझं उत्तर मला पाठ आहे. एवढा सीझन जाऊ दे, मग बघू. लायसन्स गेलं तर पोरांच्या शाळेचं काय, हेही मला कळतं रे. काल फोन ठेवताना तू बजावलंस, "त्या वळणाचं डेपोत कुणाला बोलू नकोस हं." मी "नाही बोलणार" म्हणाले होते.

शुक्राच्या गप्पा मारत मी इतका वेळ का काढला, ते आता ऐक. तासाभरापूर्वी मी तुझ्या डेपो मॅनेजरना फोन केला. वळणाचंही सांगितलं, डोळ्याचंही. आज रात्रीच्या गाडीवरून त्यांनी तुझं नाव काढलं आहे. तपासणी होईपर्यंत तुला कुठलीच गाडी मिळणार नाही.

तुझी बायको मला नावं ठेवेल, ठेवू दे. तू चिडशील, वर्षभर बोलणार नाहीस, कदाचित कधीच नाही. मला फार भीती वाटते आहे. पण शाबूत डोळ्यांनी तू माझ्याकडे पाठ फिरवलीस तरी मला चालेल.

तू हे वाचशील तेव्हा दाजींची गाडी तुझ्या दारात असेल. ते हळू चालवतात, कुरकुर न करता शेजारी बस. मी डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या फाटकाशी उभी असेन.

तुला गाडीवरून उतरवणारी,
तुझी ताई