झुंबरला चालेल अशी पेस्ट

६ जानेवारी २०२५, सोमवार

मिशरी सुटली पाहिजे. सुटणारच!

झुंबरची दाढ हलते म्हणून आज बारामतीला गेलो होतो. दाढेचं राहिलं बाजूला. डॉक्टरीणबाईंनी तिचा खालचा ओठ उलटा केला आणि मला जवळ बोलावलं. आत पांढरा डाग. नखाएवढा. चाळीस वर्षं ती भाजक्या तंबाखूची मिशरी तिथंच धरते.

बाई म्हणाल्या, "तात्या, दुखत नाही म्हणून गाफील राहू नका. मिशरी आजपासून बंद. दहा फेब्रुवारीला परत दाखवा. डाग कमी झाला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवू."

तुकडा काढून! परत येताना मी तेच मनात घोकत होतो. झुंबर मात्र एसटीत शेंगा खात बसली. म्हणाली, "दुखत न्हाय, खुपत न्हाय. उगं भ्या घालत्यात."

मी विचारलं होतं, मग दात कशाने घासायचे? तर म्हणाल्या, "कोणतीही पेस्ट चालेल. फ्लोराईड असलं म्हणजे झालं. वाटाण्याएवढी घ्यायची." कोणतीही म्हणजे? नाव सांगायला काय जात होतं! चुकीची आणली आणि डाग वाढला तर?

७ जानेवारी

इंदापूरला गेलो. मेडिकलवाल्याने काउंटरवर नऊ पेस्टा मांडल्या. "तात्या, कुणासाठी?" म्हटलं, मालकिणीसाठी. "त्यांना कोणती आवडते?" आता पेस्टीत आवड कसली! लवंगेची, मिठाची, कोळशाची, दात पांढरे करणारी, थंडगार करणारी. माझं डोकं फिरलं. मागे दोन गिऱ्हाईकं ताटकळली. शेवटी टीव्हीवर दाखवतात ती पांढरी घेतली. टीव्हीवर दाखवतात म्हणजे काहीतरी असेलच.

८ जानेवारी

झोंबली. ब्रश तिला धरता येईना, म्हणून बोटाने लावली आणि मिशरीसारखी ओठात धरून बसली. अर्धा तास! झोंबणार नाही तर काय होणार? मी म्हटलं, अगं थुंक. तर तोंडभर फेस घेऊन म्हणते, "पिसाळल्यावानी दिसतीया मी. बाहीर गेले तर दगडं मारत्याल लोक." आणि स्वतःच हसली. मला हसू आलं नाही.

१० जानेवारी

तांबडी आयुर्वेदिक आणली. "बैलाच्या औषधावानी लागतीया." लवंगेची आणली. "दाढ काढल्याचा वास येतोय." कोणती चालेल हिला? सापडेपर्यंत आणणार. नऊ होत्या, तीन झाल्या.

१२ जानेवारी, रविवार

प्रगती बारामतीहून आली. नात माझी, अकरावीला आहे. तिन्ही खोकी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, यातली खरी चांगली कोणती ते सांग.

ती म्हणाली, "आजोबा, खोकं उलटं करा. मागचं बारीक वाचायचं असतं." तिने वाचून दाखवलं. पांढरीत आणि लवंगेच्यात फ्लोराईड सारखंच. तांबडीत नाहीच! म्हणजे ती गेली.

"मग एवढी नावं कशाला काढतात?"

"तुमच्यासारखी माणसं मिळतात म्हणून."

पोरगी आगाऊ आहे. पण बरोबर आहे. खत घेताना मी गोणीवरचे आकडेच बघतो, कंपनीचं चित्र कधी बघत नाही. डाळिंबाला अक्कल वापरली आणि बायकोच्या तोंडाला टीव्ही! वाईट वाटलं.

चव मात्र ज्याची त्याची, असं ती म्हणाली. जाताना लहान पोरांची स्ट्रॉबेरीची सुचवून गेली. त्यात फ्लोराईड कमी असतं, पण सवय लागेपर्यंत चालेल म्हणाली.

१४ जानेवारी

स्ट्रॉबेरी चालली! "ग्वाड हाय," म्हणाली. जिंकलो!

१७ जानेवारी

नाही जिंकलो.

सकाळी मोरीपाशी मुंग्यांची ही मोठी रांग. दगड उचलला तर खाली गुलाबी पेस्टीचा गोळा. रोज वाटाण्याएवढी पिळून दगडाखाली टाकत होती. मला नळी आटलेली दिसावी म्हणून! आणि मी नळीकडे बघून देवाला हात जोडत होतो.

दुपारी तीनला ती बाहेर पडली तसा तिच्या मागून गेलो. माझ्या धाकट्या भावाची बायको म्हाळसा, तिच्या ओट्यावर पाच बायका. तव्यावर नुकत्या भाजलेल्या तंबाखूचा वास. डबी या तळहातावरून त्या तळहातावर चाललेली. झुंबरचं बोट तोंडात.

घरी आल्यावर मी भांडलो. तोंडाला येईल ते बोललो. तुकडा काढतील, गाल काढतील, मला एकट्याला टाकून जाशील, असंही बोललो.  मग ती म्हणाली,

"पेस्ट दोन मिंटात संपती. थुकलं, झालं. बाई नुसती बसली की समद्यास्नी काम आठवतंय. मिशरी लावतीया म्हटलं की घटकाभर कुणी उठवत न्हाय. तुमी पारावर बसता, तुमाला कुणी इचारलंय का कशापायी बसलाय?"

  नऊच्या नऊ पेस्टा आणल्या असत्या तरी एकही लागू पडली नसती.

१८ जानेवारी

ठरवलं. ती जिथं बसते तिथं मी बसणार.

तीनला म्हाळसाच्या ओट्यावर जाऊन बसलो.  म्हाळसाने पदर ओढून तोंड भिंतीकडे केलं. डबी कुणाच्या तरी लुगड्याखाली गेली. मी त्यांना फ्लोराईड समजावून सांगितलं, खोकं उलटं करून कसं वाचायचं तेही. तासभर बोललो. एकीनेही मिशरी लावली नाही! सगळ्यांना पटलं असं वाटतं.

१९ जानेवारी

आजही बसलो. दोघी लवकर उठून गेल्या. डोकं धरलं म्हणाल्या. थंडीचं असेल.

२० जानेवारी

जेवताना झुंबरने सांगितलं. पटलंबिटलं काही नाही. त्यातल्या चौघी माझ्या नात्याने धाकट्या भावजया आणि सुना. थोरल्या दिरासमोर, सासऱ्यासमोर बाई तोंडात बोट घालत नाही. "समद्यांची तलफ मारलीया तुमी. डोकी ठणकाय लागल्यात. म्हाळसा म्हणतीया, तात्या उठत्याल का आमी गाव सोडायचं?"

बहात्तर वर्षांचा झालो आणि हे मला माहीत नव्हतं! फार लाज वाटली. मी तिथं फ्लोराईड सांगत होतो आणि त्या मनात मला शिव्या घालत होत्या.

पण उद्याही बसणार. लाजेने माणूस मरत नाही.

२१ जानेवारी

बसलो.  मग म्हाळसा भिंतीला म्हणाली, "कुणीतरी सांगा गं तात्यास्नी. ते उठलं, तर अक्काच्या हातावर चिमूटभरबी टाकणार न्हाय आमी. ती हितं हाय तवर डबी उघडणार न्हाय."

मीही भिंतीलाच म्हणालो, "आणि तुमची अक्का नुसती बसली म्हणून कुणी हाळी मारणार नाही. मी घरात सांगतो."

भिंत म्हणाली, "मग उठा की आता!"

सगळ्या खो खो हसल्या. झुंबर सगळ्यांत जास्त. उठलो.

२४ जानेवारी

दुपारी तीन ते चार या वेळात घरातला चहा मी करतो. सूनबाई निकिता बघत राहिली. बघू दे.

२ फेब्रुवारी

झुंबरची चिडचिड फार. काल ताट आपटलं. हात शिवशिवतो म्हणते. म्हाळसा तिला बडीशेप भाजून देते, ती चघळत बसते. दात ब्रशने घासते, माझ्यासमोर. मी रोज ओठ उलटा करायला लावतो. "बैलाचं दात बघितल्यावानी काय बघताय!" मला डाग कधी लहान दिसतो, कधी मोठा. चष्मा बदलायला हवा.

१० फेब्रुवारी, सोमवार

डाग फिका झाला! निम्म्याहून कमी! डॉक्टरीणबाईंनी मोजून बघितला. तुकडा काढायचा नाही, महिन्याने परत दाखवायचं. मिशरी पुन्हा लावली तर मात्र सगळं पाण्यात.

"कोणती पेस्ट वापरता?" झुंबर लाजून म्हणाली, "बारक्या पोरांची." बाई हसल्या, म्हणाल्या आता मोठ्यांची घ्या. स्टँडजवळच्या दुकानात झुंबरनेच खोकं उलटं केलं. वाचता येत नाही तिला. दुकानदाराला म्हणाली, "ह्यात त्ये फ्लोराईड हाय का, बघून सांगा." दुकानदार हो म्हणाला. एका मिनिटात घेतली. पुढच्या बाजूचं नाव मी बघितलंही नाही.



११ फेब्रुवारी

सकाळीच म्हाळसा दारात आली. मला वाटलं झुंबरकडे आली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी सरळ एक शब्द बोललेली नाही. आज बोलली.

"तात्या, माझ्या गालातबी हाय तसला. अक्काच्या डागापरीस मोठा. दोन वरसं झाली. आता तोंडात पुरता घास जात न्हाय."

उद्या पहिल्या एसटीने बारामती. तिघं जातोय.