मृणालकडे वळलेली मगर

मयूर विहार, दिल्ली

तीर्थस्वरूप अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

तू पाठवलेल्या पोह्याच्या पापडांचं कुरिअरवाल्याने चूर्ण केलं आहे, अनुपान कळव. तुझे गुडघे कसे आहेत?

आम्ही ठीक. आमची लेक मृणाल पहिलीत लहान-मोठ्या संख्या शिकते आहे. मोठ्या संख्येकडे मगर तोंड उघडते, असा खेळ. खेळ चांगलाच आहे. पण परवा बाईंनी मुलांची वजनं करून आकडे गळ्यात अडकवले. कागदी मगर दरवेळी मृणालकडेच वळली आणि वर्ग हसला. मी जाब विचारला, तर म्हणतात, "अरे सर, फन ॲक्टिव्हिटी है." या विदुषींना अख्ख्या दिल्लीत मोजायला राजम्याचे दाणे मिळाले नाहीत?

तीन दिवस ती अर्धी पोळी खाऊन उठते. अक्का, मला भीती वाटते.

तुझा धाकटा,
विठ्ठल