दोर निसटला नव्हता

३ नोव्हेंबर, सोमवार

काल सकाळी मी दोर सोडला. निसटला नाही. सोडला!

हे इथे लिहितो, कारण काल सगळ्यांसमोर उलटं बोललो. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तालीम होती. तिसरा अंक. न्यायाधीशांचं पोटच्या मुलाला शिक्षा सुनावून झालं होतं, विषाचा पेला रिकामा करून झाला होता आणि स्वगत सुरू झालं होतं. न्यायाधीश म्हणजे औषधवाले. नाटक त्यांनीच लिहिलंय, तेच बसवतात, आणि मरतातही तेच. सकाळपासून मरत होते. औषधांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला विष किती वेळात चढतं हे ठाऊक नसावं, म्हणजे कमाल आहे.

मी विंगेत खुंटीपाशी उभा. पडदा ओढायचं काम माझं. दोर खुंटीला गुंडाळून ठेवायचा, शेवटचं वाक्य झालं की वेढे काढून पडदा खाली सोडायचा. एवढंच. दिवसभर गावाला पाणी सोडायचं, सुट्टीला पडदा सोडायचा. बरं चाललं होतं.

‘हे न्यायदेवते, तुझ्या तराजूत—’ असं ते म्हणाले. मला पुढची पानं दिसायला लागली. हात आपोआप गेला, असं लिहायचा मोह होतोय. पण नाही. मी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग वेढे काढले.

पडद्याखालचा बांबू धाडकन आपटला. पडद्यामागून औषधवाल्यांचा आवाज तसाच चालू! त्यांना बराच वेळ कळलंच नाही. आणि खरं सांगतो, नाटक तिथं संपल्यावर पहिल्यांदाच अंगावर काटा आला. आमच्यात काम करणाऱ्या बँकेच्या कॅशियरने तर टाळ्या वाजवल्या.

‘काय झालं?’ औषधवाले पडदा वर करून बाहेर आले. मी म्हणालो, ‘निसटला, भाऊ. हातातून निसटला.’ तळहात झाडूनही दाखवले. ते कोणी सांगितलं होतं?

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी देवापुढे हात जोडले. नेहमीचे शब्द अर्ध्यावर राहिले. जोडलेल्या हातांकडेच लक्ष जात होतं.

संध्याकाळी टाकीवरून परतताना औषधवाल्यांनी दुकानातून हाक मारली. ‘अहो, तळहात दाखवा.’ दाखवले. माझे हात व्हॉल्व्हच्या चाकाने आधीच राठ झालेले. जखम बिखम काही नाही. ते चष्मा वर करून बघत राहिले. ‘वरून दिसत नाही, पण दोर आत कापतो. दुर्लक्ष करू नका.’ आणि मलमाची ट्यूब माझ्या खिशात कोंबली! मी नको नको म्हणतोय, तर म्हणाले, ‘माझ्या नाटकापायी लागलंय तुम्हाला.’

घरी आल्यावर हिने विचारलं, ‘अहो, काय लागलंय?’ म्हणालो, ‘काही नाही.’ ‘मग मलम कशाला?’

रोज आंघोळीनंतर लावतो आता. न लावलं तर फसवल्यासारखं होतं. लावलं तरी होतंच.

९ नोव्हेंबर, रविवार

औषधवाल्यांनी नवा दोर आणला. जाड, पिवळसर, हाताला न रुतणारा. स्वतः स्टुलावर चढून कप्पीतून ओवला. मी खालून स्टूल धरलं होतं. त्यांच्या पायांत वेगवेगळ्या रंगांचे मोजे होते. घरात बाईमाणूस नाही, सांगणार कोण?

तालीम नेहमीसारखीच. न्यायाधीशाची बायको दुसऱ्या अंकात रडून रडून आंधळी होते आणि तिसऱ्या अंकात कोणाला न विचारता नवऱ्याच्या हातातला पेला ओळखते. ते काम करणाऱ्या शिवणबाई फार सरळ. म्हणाल्या, ‘भाऊ, मला नक्की कधी दिसायला लागतं ते एकदा सांगा, म्हणजे चष्मा घालून येते.’ औषधवाले गंभीरपणे म्हणाले, ‘आईच्या डोळ्यांना शास्त्र लागत नाही.’

मुलाचं काम कॅशियर करतो. बापाचं टक्कल आणि मुलाचं टक्कल यात मुलाचं मोठं. ‘बाबा, मी अजून कोवळा आहे’ हे वाक्य आलं की शिवणबाई आंधळ्या असूनही तोंड फिरवतात.

स्वगताशी आल्यावर औषधवाले मध्येच थांबले. म्हणाले, ‘शेवटचं पान मी तालमीत म्हणणार नाही. ते एकदम प्रयोगाला.’ कॅशियर माझ्या कानात: ‘म्हणजे अजून आहे?’

चहाला आम्ही तिघं जिन्यात उभे होतो. कॅशियर म्हणाला, ‘पाणीवाले, त्या दिवशी तुम्ही नाटक वाचवलंत हो! नवा दोर काय निसटतच नाही का?’ शिवणबाई म्हणाल्या, ‘लोक हसण्याआधी निसटला तर त्यांच्यावर उपकारच होतील. हसू झालं तर त्या माणसाला दुकानात उभं राहवणार नाही.’

मी मान हलवली. हलवली खरी. दोघंही माझ्याकडे असे बघत होते, जणू सगळं नाटक माझ्या मुठीत आहे. मला ते आवडलं. आज दिवसभर तेच टोचतंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मलम लावलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पडदा धुऊन आणला, तर आकसला! आता बांबू जमिनीपासून वीतभर वरच राहतो. मेल्यावरही न्यायाधीशांचे पाय लोकांना दिसणार. औषधवाले म्हणाले, ‘दिसू देत. पाय हलवणार नाही मी.’ कॅशियर हळूच म्हणाला, ‘पायांचा प्रश्नच नाही. तोंडाचा आहे.’

सगळे हसले. मीही. ते आमच्या हसण्याकडे वळून स्वतःही हसले, कशाला ते न कळता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आईच्या गोळ्या आणायला दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. औषधवाले पट्टीतून गोळ्या कापत कापत स्वगत पुटपुटत होते. मला बघून थांबले.

‘तुम्ही सगळ्यात जवळून बघता. खरं सांगा, कसं वाटतं नाटक?’

खरं सांगा म्हणाले. मी म्हणालो, ‘वजनदार आहे.’

त्यांना बरं वाटलं. स्टूल पुढे ओढलं, मला बसवलं, आणि मग काउंटर पुसत राहिले. बराच वेळ एकाच जागी. मग बोलले, ते माझ्याकडे न बघता.

त्यांचा मुलगा परगावी असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. येत का नाही, हे कोणाला ठाऊक नाही. एका म्हातारीला दुकानातून चुकीच्या गोळ्या गेल्या होत्या. तिचं थोडक्यात निभावलं. तिचा लेक तावातावाने दुकानात आला, आणि भरल्या दुकानात ह्यांनी मुलाच्या कानाखाली वाजवली. ‘बायकापोरांसमोर हो. लग्न झालेल्या मुलाच्या.’ मुलगा काउंटरच्या बाहेर आला, तो गेलाच. नंतर शांतपणे आठवल्यावर कळलं, त्या गोळ्या ह्यांनीच काढून दिल्या होत्या. मुलगा तर आत माल लावत होता.

‘मग सांगितलंत का त्याला?’ मी विचारलं.

‘कसं सांगू? फोन करतो, हवापाणी विचारतो, ठेवतो. जीभच उचलत नाही. म्हणून न्यायाधीश केला. न्यायाधीशाला बोलता येतं.’ मग म्हणाले, ‘शेवटच्या पानावर आहे ते. सूनबाई म्हणाली आहे, प्रयोगाला घेऊन येते त्याला. हे तुमच्यापाशीच ठेवा.’

गोळ्या तिथेच विसरून आलो. परत जायला धीर झाला नाही. हिलाच पाठवलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

देवा, माझ्या हातात दोर कशाला दिलास?

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी वरच्या आळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा विसरलो. रस्त्याला ओढा आला. एका बाईने दारातून विचारलं, ‘आज काय गाव धुवायला काढलंय का?’ मी चप्पल हातात घेऊन पाण्यातून पळत गेलो. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तालमीनंतर जिन्यात दोघांना सांगितलं, की पडदा मध्येच पडणार नाही.

कॅशियर चिडला. ‘अहो, मी घरी सांगून बसलोय, लवकर सुटेल म्हणून! आणि आज तुम्हाला कुठून पाझर फुटला?’

‘नाही जमणार,’ मी म्हणालो.

‘परवा तर मुंडी हलवत होता!’

‘चुकलं.’

शिवणबाई रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं. म्हणाल्या, ‘तुम्ही आत उभे असाल, पाणीवाले. आम्ही उजेडात असणार. आणि ते बिचारे आमच्यापेक्षा जास्त उजेडात. मागच्या बाकांवरून कोणी शिट्टी मारली तर?’

त्यांचंही खोटं नव्हतं. का नाही, ते मला सांगता येईना. शब्द दिलेला. मी नुसता जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिलो. दोघं खाली उतरून गेले. मला चहाला बोलावलं नाही.

गावच्या शाळेत गुरुजी प्रार्थनेनंतर आम्हाला क्षणभर तसंच उभं ठेवायचे. म्हणायचे, ‘शब्द संपले म्हणून प्रार्थना संपत नाही.’ तेव्हा कळलं नव्हतं. पाय दुखायचे एवढंच.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं. आज सांगितलं एकदाचं.

दुकान उघडतानाच गेलो. खिशात मलमाची ट्यूब. अर्धी संपलेली ट्यूब परत कशी करतात हे मला ठाऊक नव्हतं. काउंटरवर ठेवली.

‘भाऊ, त्या दिवशी दोर निसटला नव्हता. मी सोडला.’

ते शटरची कुलपं हातात घेऊन तसेच उभे.

‘का?’

रात्रभर उत्तर पाठ केलं होतं. मोठं होतं, त्यात देवाचं नावही होतं. तोंडातून निघालं, ‘कंटाळा आला होता.’

मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी कुलपं खाली ठेवली. चष्मा काढला. म्हणाले, ‘कुठे सोडलात? नेमक्या कोणत्या शब्दाला?’

‘तराजूत.’

त्यांनी डोळे मिटून ओठ हलवले. सगळं स्वगत मनात म्हणून तिथवर आले असणार. मग हळू म्हणाले, ‘हं. तिथं जरा लांबलंय खरं.’

मला हसू आलं आणि लाजही वाटली. दोन्ही एकदम!

‘पडदा दुसऱ्या कोणाला द्या,’ मी म्हणालो.

‘नको. तुम्हीच.’ ट्यूब त्यांनी माझ्याकडे परत सरकवली. ‘हाताला लावत चला.’

माफ केलं म्हणाले नाहीत. मीही मागितलं नाही. येताना रस्त्यात लक्षात आलं, की आम्ही दोघं एकाच आजाराचे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ही आज म्हणाली, ‘मीही येते बघायला. लोक म्हणतात फार हसवतं.’ मी म्हणालो, ‘ते दुःखाचं नाटक आहे.’ ‘मग लोक असं का म्हणतात?’

कॅशियर बोलत नाही. शिवणबाईंनी मात्र वाटेत थांबवून विचारलं, ‘नक्की ना?’ मी हो म्हणालो. ‘मग मी चष्मा घालते. होऊ दे काय व्हायचं ते.’

सकाळी पूर्ण प्रार्थना झाली. मधे अडखळलो नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज प्रयोग. पाणी लवकर सोडून, लवकर बंद करून आलो. व्हॉल्व्ह तपासला. पुन्हा परत जाऊन तपासला.

१ डिसेंबर, सोमवार

काल घंटेच्या आधी औषधवाले विंगेत आले. चेहऱ्याला रंग, ओठ कोरडे. ‘आलाय. तिसऱ्या रांगेत बसलाय.’ मग माझे दोन्ही हात धरले. ‘मला नाही जमणार हो. त्या दिवशी सोडलात ना, तिथंच सोडा. तराजूला. लोकांना सांगू, निसटला म्हणून. तुमच्या पाया पडतो.’

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. घंटा झाली.

लोक हसले. शिवणबाईंनी चष्मा घातल्यावर तर फारच. तिसऱ्या अंकात कोणीतरी विषाचा भाव विचारला. मग ते ‘तुझ्या तराजूत’ म्हणाले आणि थांबले. विंगेकडे पाहिलं. कॅशियरने पाहिलं, शिवणबाईंनी पाहिलं. सगळं सभागृह वाट बघत होतं.

मी दोराचा आणखी एक वेढा खुंटीला दिला. त्यावर गाठ मारली, पाण्याच्या पाइपाला मारतो तशी. त्यांना दिसेल अशी. आणि हात जोडून उभा राहिलो.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग त्यांनी न्यायाधीशाचा टोप काढला, कॅशियरकडे पाठ केली, तिसऱ्या रांगेकडे वळले आणि दुकानात बोलतात तसं बोलू लागले. ते कुठल्याच पानावर नव्हतं.