गिळलेला खो

बाई, तुमचा खेळ मी शेवटी टीव्हीवर दाखवला. तासाभराची फिल्म, आपल्या मैदानाची, आपल्या मुलींची. काल ती लागली. सकाळपासून अभिनंदनाचे फोन येतायत आणि मी फोन उपडा करून तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण त्या तासाभरात तुम्ही कुठंच नाही. तुमचं नावसुद्धा नाही. अंबरनाथमध्ये ज्या मुलींना तुम्ही खो-खो शिकवला त्यांच्यावरची फिल्म, ती करणारी त्यांच्यातलीच एक, आणि त्यात तुम्ही नाही. हे कुणी दुसऱ्यानं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

तुमचं पश्चिमेचं घर आठवतं. दुसरा मजला, अरुंद स्वयंपाकघर, खिडकीतून दिसणारं स्टेशनचं पत्र्याचं छप्पर. मैदानात कुणाच्या लग्नाचा मांडव पडला की आपली प्रॅक्टिस तुमच्या स्वयंपाकघरात व्हायची. तुम्ही आम्हाला फरशीवर ओळीनं उकिडव्या बसवता, एकीचं तोंड गॅसकडे, दुसरीचं दाराकडे, तिसरीचं परत गॅसकडे, अगदी मैदानात बसतात तशा. तुम्ही भाकऱ्या थापताय. मध्येच पाण्याच्या निमित्तानं आमच्यामागून जाता आणि कुणाच्या तरी पाठीवर पिठाचा हात पडतो, 'खो'. ती उठून गॅलरीपर्यंत पळते आणि तिच्या जागी तुम्ही स्वतः साडी सावरून टेकता, कारण खो देणाऱ्यानं खो घेणाऱ्याच्या जागी बसायचं असतं. तिकडं तव्यावरची भाकरी करपते. मग करपलेली भाकरी तुम्ही घेता आणि चांगल्या आम्हाला वाढता. उल्हासनगरला घरी पोचले की आई आधी मला उलटी फिरवायची. निळ्या गणवेशावर पांढरी पाच बोटं. आई दिवसभर मशीनवर जीन्सच्या पँटी शिवायची, तिला कपड्यावरचा डाग खपत नसे. पण तो हात दिसला की म्हणायची, "आज पण बाईंनी छापा मारला वाटतं. म्हणजे जेवून आलीस."

माझी खोड तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळली होती. मी पळायला चपळ होते, वळायला चांगली होते, पण खो देताना माझा आवाज फुटायचा नाही. पाठीला हात लावायचा आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचं. समोरची उठायची नाही, किंवा उठली की पंच फाउल द्यायचा. एकदा तुम्ही भाकरी तव्यावर टाकता टाकता मागे न बघताच म्हणालात, "खो दिलास का गिळलास?" सगळ्याजणी हसल्या. मी रडायच्या बेतात. तुम्ही हात पुसत माझ्यासमोर बसलात. "नुसता हात काय चोर पण लावतो, बाळा. तोंडानं म्हणायचं. तिला मागचं दिसत नाही ना? तिची पाळी आली हे तिला कळायला नको? म्हण. वरच्या मजल्यावर ऐकू गेला पाहिजे." मी म्हणत राहिले. शेवटी वरच्या मजल्यावरचे काका खिडकीतून ओरडले, "आला ऐकू, आता पुरे करा." त्या दिवशी तुम्ही मला चांगल्या भाकरीवर तुपाची धार दिलीत.

आता माझा धंदा सांगते, म्हणजे तुम्हाला पुढचं समजेल. मी चॅनेलमध्ये खेळांवरच्या फिल्म करते. सुरुवातीला माहिती काढून द्यायची, आता विभाग माझ्या हाताखाली आहे. पैलवान, मल्लखांबवाले, अपघातानंतर परत धावलेली पोरगी, कितीतरी केल्या. कुणी नवीन विषय घेऊन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "चेहरा कोण?" ज्याला चेहरा नाही ती फिल्म मी करत नाही, आणि माझ्या टीममधली पोरं हे वाक्य माझ्यामागे माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात. ऑफिसात कुणाचं काम अडलं की म्हणतात, मॅडमनी खो घातला. दरवेळी मला सांगावंसं वाटतं की अरे, खो मिळाला की माणूस उठून पळायला लागतो, अडत नाही. पण सांगत नाही. एवढं कोण ऐकतं?

रिटायर झाल्यावर तुम्ही बदलापूरला शिरगावात राहायला गेलात, तिथं मी एकदाच आले. तुम्ही थकला होता. पोहे करायला उठलात, मी नको म्हटलं तर ओरडलात. "टीव्हीत काय करतेस नक्की?" असं विचारलंत. म्हटलं, लोकांचे खेळ दाखवते. "मग आपला दाखव की कधीतरी." म्हटलं, दाखवीन. तुम्ही गेलात तेव्हा मी बाहेरगावी शूटिंगला होते आणि ते शूटिंग मी पुढं ढकलू शकले असते. पण त्याबद्दल लिहायला मी बसलेली नाही, तो गुन्हा वेगळा.

यंदा अखेर खो-खोच्या फिल्मला मंजुरी मिळाली. मीटिंगमध्ये माझाच प्रश्न मला विचारला गेला, चेहरा कोण? मी तुमचं नाव घेतलं. मग फोटो शोधायला लागले. बाई, तुमचा एकही धड फोटो नाही. बक्षीस समारंभाच्या प्रत्येक फोटोत आम्ही आहोत, कप आहे, हार आहेत, आणि तुम्ही त्या वेळी कुठंतरी आमच्या चपला आणि पिशव्या सांभाळत असणार. एकच फोटो माझ्याकडे निघाला. आम्ही ओळीनं बसलोय आणि तुम्ही आमच्याकडे तोंड करून उभ्या आहात, म्हणजे कॅमेऱ्याकडे तुमची पाठ. खोचलेला पदर, अंबाडा, शिट्टीची दोरी. आमच्या मागे, अगदी लेन्समध्ये बघत, क्रीडा मंडळाचे सर. तो फोटो मी एडिटरला दिलाच नाही. पाठीचं काय करणार, असं मला वाटलं. ज्या खेळात सगळं पाठीला कळतं त्या खेळावर मी फिल्म करत होते आणि मला असं वाटलं.

सर तुम्हाला आठवत असतील. माणूस वाईट नाही. मॅचला टेम्पो त्यांनीच द्यायचा, केळी त्यांनीच वाटायची, मैदान बिल्डरच्या घशातून त्यांनीच वाचवलं. आता ते फार मोठ्या पदावर आहेत, केस पांढरेशुभ्र, बोलायला गोड. त्यांच्या घरी मुलाखत ठेवली. आत वहिनी आमच्या सगळ्या युनिटसाठी डाळ-भात करत होत्या. मी हेडफोन लावून बसले होते. सर हळूहळू रंगले आणि म्हणाले, "या मुलींना खो म्हणता येत नव्हता. आवाजच फुटायचा नाही. मी एकेकीला समोर बसवून म्हणायला शिकवलं." नेमकी त्याच वेळी आत कुकरची शिट्टी झाली. साउंडवाल्यानं मान हलवली. आणि मी, बाई, हेडफोन कानावरून सरकवून म्हणाले, "सर, छान होतं. तेवढं वाक्य परत एकदा घेऊ या का?"

त्यांनी परत घेतलं. दुसऱ्यांदा आणखी छान झालं, शेवटी डोळ्यांत पाणीही आलं. त्यांना ते खरंच वाटत असावं, इतकी वर्षं भाषणात म्हणून म्हणून तसंच झालं असेल. मला काय झालं होतं ते मात्र सांगता येत नाही. शूटिंगच्या परवानग्या आधीच हातात होत्या. सरांची मला कसलीही भीती नव्हती. वाक्य चांगलं होतं, एवढंच. आटोपशीर, प्रोमोला बसणारं, आणि म्हणणाऱ्याला चेहरा होता. एडिटच्या टेबलावर मी ते कितीदा तरी ऐकलं आणि प्रत्येक वेळी ते जरा जास्त खरं वाटत गेलं. लाज मला तेव्हा वाटली नाही. तीच गोष्ट आज सगळ्यात लागते.

प्रसारणाच्या आधल्या दिवशी अंबरनाथच्या हॉलमध्ये फिल्म दाखवायचा कार्यक्रम होता. सर पहिल्या रांगेत, मी दुसऱ्या. माझ्या मागच्या खुर्चीवर आपली खांबाजवळ बसणारी, लांब हातांची, जिला तुम्ही 'माझी शिडी' म्हणायचात. आता एमआयडीसीत ऑफिसर आहे, तोंड तसंच फटकळ. सुरुवातीला माझ्या कानाशी कुजबुजत होती, "ए, हे बघ, मांडववाल्यांचा खड्डा अजून हाय तिथंच." मग सरांचं ते वाक्य आलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मागची कुजबुज थांबली. अगदी सावकाश तिनं विचारलं, "हे बोलले तेव्हा तू समोर होतीस?" मी मान हलवली. "आणि?" मी पडद्याकडे बघत राहिले.

दिवे लागले. सूत्रसंचालकानं विचारलं, या मैदानावर खेळलेल्या कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का? आणि माझ्या पाठीवर, बरोब्बर दोन खांद्यांच्या मध्ये, तळहात पडला. "खो." सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा, स्वच्छ, तुम्ही शिकवलेला. लोकांनी वळून बघितलं. गंमत आहे असं समजून हसले. सरही मागे वळून हसले, म्हणाले, "बघा, अजून विसरल्या नाहीत." त्यांच्याबरोबर मीही हसले. हसत बसून राहिले. सूत्रसंचालकानं चहाला चला म्हणून सांगितलं आणि खुर्च्या सरकायला लागल्या. बाहेर जिन्यात तिनं मला गाठलं. मला वाटलं आता शिव्या घालील. ती फक्त म्हणाली, "बाईंनी तुला किती खो म्हणायला लावला गं. उठायला शिकवायचं राहिलं वाटतं." आणि चहा न घेता गेली.

त्या संध्याकाळी एक फोन केला असता तर ते वाक्य निघालं असतं. फिल्म माझ्याच ताब्यात होती. केला नाही. लोक विचारतील आयत्या वेळी का काढलं, मग सांगावं लागेल आधी का घेतलं. काल ती लागली, वाक्यासकट, आणि आज सरांचा स्वतःचा फोन येऊन गेला, तू आमच्या मैदानाचं नाव काढलंस म्हणून.

हे पत्र कुठं टाकणार? शिरगावच्या घरात दुसरी माणसं राहतात. ज्यांना खरं तर लिहायला हवं, चॅनेलला, सरांना, आपल्या शिडीला, त्यांना लिहिलेलं नाही, आणि तुम्हाला लिहितेय कारण तुम्ही वाचणार नाही. तुम्ही पुन्हा तेच विचाराल, दिलास का गिळलास. एवढं मात्र तुम्हाला सांगायचं होतं. तिचा तळहात लागला तेव्हा माझी टाच उचलली होती, बाई. पाठीला कळलं होतं. मीच ती परत खाली टेकवली.