टोपली हिरवीगार

३ मार्च, सोमवार. सकाळ.
...मी मटार सोलत होते आणि हे ओट्याला टेकून भाषण म्हणून दाखवत होते. कारखान्याच्या सभेत बोलायचं होतं. संपल्यावर मी म्हटलं, लांबलं. हे हसले, दोन मुद्दे गाळले आणि कपबश्या पुसायला लागले.
आज मटार सोलताना तीच सकाळ आठवली. हे जाऊन चार वर्षं झाली. माझी जीभ मात्र तशीच आहे, स्पष्ट.
लेक वेबसाइट बनवते. शनिवारी-रविवारी तिच्यासारख्यांची कॉन्फरन्स आहे, त्यात ती पहिल्यांदाच बोलणार. विषय: वेबसाइट उघडायला वेळ का लागतो. माणसं कमी पडताहेत म्हणून मला दारात टोपली घेऊन उभं राहायचंय. भाषण ऐकून बाहेर पडणाऱ्याने दारातल्या टेबलावरचं एक कार्ड उचलून टोपलीत टाकायचं. हिरवं म्हणजे आवडलं, पिवळं म्हणजे ठीक, लाल म्हणजे नाही.
ठराव: टोपलीला तोंड नसतं. मलाही नसेल.

५ मार्च, बुधवार.
लायब्ररीतून वेबसाइटवरचं जाडजूड पुस्तक आणलं. आठ पानं वाचली. पुढचं सोपंच असणार.
लेकीने भाषण म्हणून दाखवलं. सुरुवात छान. मधे मटार संपले, मग कांदे सोलून झाले, तरी वेबसाइट काही उघडेना. बहुधा तेच दाखवायचं असेल. कसं झालं, तिने विचारलं. छान, म्हटलं. खोटं कुठे? सुरुवात छानच होती.
ती म्हणाली, आई, तुझं सगळंच छान असतं. आता कार्डंच खरं सांगतील, मग दुरुस्त करेन.
स्वभाव चांगला आहे पोरीचा. ह्यांच्यावर गेलीय.

८ मार्च, शनिवार. दुपार.
पहिली दोन भाषणं पार पडली. मी अगदी निःपक्षपाती. एका गृहस्थांना लालच लाल पडली, माझी पापणी हलली नाही.

तोच दिवस, चहाची सुट्टी.
लेकीचं झालं. एक दाढीवाला संपायच्या आतच बाहेर आला, हातात लाल. मी फक्त विचारलं, जेवलात का? नाही म्हणाला. उपाशीपोटी मत देऊ नये, एवढंच सांगितलं. त्याने हिरवं टाकलं. त्याची मर्जी. एका चष्मेवालीला, ही पहिल्यांदाच बोलतेय हो, अशी माहिती दिली. माहिती देणं म्हणजे बोलणं नव्हे. टेबलावर उरलेली लाल कार्डं माझ्या पिशवीत ठेवली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. हॉलमध्ये वारा नव्हता. पण येऊ शकतो.

तोच दिवस, संध्याकाळ.
टोपली हिरवीगार. आणि तिथेच घात झाला. ज्याला सगळ्यात जास्त हिरवी, त्याने उद्या समारोपाला मोठ्या हॉलमध्ये तेच भाषण परत करायचं, असा इथला नियम. मला कोणी सांगितला नाही. मी विचारला नाही, हेही खरं.
लेक खूश. तेवढ्यात दाढीवाला आला. तिला म्हणाला, त्या काकूंनी मला जेवायला पाठवलं आणि लालचं हिरवं करून घेतलं. बाकी मॅडम, मधे फारच लांबलं तुमचं.
घरी आलो. दार उघडताना म्हणाली, उद्या सगळ्यांसमोर तसंच रटाळ बोलू का? बाबांना तोंडावर सांगायचीस ना? मग मला का नाही?
उत्तर होतं माझ्याकडे. ह्यांना सांगताना वाटायचं, हा माणूस कुठे जातोय. आता कोणाच्याच बाबतीत तेवढी खात्री वाटत नाही.
तोंडाने मात्र म्हटलं, जेवण गार होतंय.

९ मार्च, रविवार.
सकाळी मटार घेऊन बसले. लेकीला ओट्यापाशी उभं केलं. सगळं ऐकलं आणि म्हटलं, लांबलं. तिने मधला भाग गाळला.
टोपली दुसऱ्या बाईंकडे दिली. मोठ्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसले. बाहेर पडताना पिवळं टाकलं.